लांडग्यावरचा धनुर्धर गॉब्लिन

प्रश्न : आमचा गट पाथफाइंडर या टेबलावर बसून पात्रे वठवायच्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलपासून नवी मोहीम सुरू करत आहे. मला गॉब्लिन (बुटक्या राक्षसी जमातीतले पात्र) घ्यायचा असून तो एखाद्या प्राण्यावर स्वार होऊन दुरून बाण मारणारा असावा, अशी इच्छा आहे. जीएमने (खेळ चालवणाऱ्या गेममास्टरने) गॉब्लिनला परवानगी दिली आहे आणि गुणवाटपासाठी १५ पॉइंट दिले आहेत. क्लास (पात्राचा पेशा) कोणता निवडावा आणि फीट (पात्राची खास कसबे) कोणत्या क्रमाने घ्याव्यात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली कल्पना नियमांच्या कसोटीवर पक्की उतरते. या खेळात पायी लढणाऱ्या धनुर्धराला एका फेरीत एकाहून अधिक बाण सोडायचे असतील, तर त्याला जवळपास जागच्या जागीच उभे राहावे लागते. फार तर पाच फूट सरकता येते. स्वाराच्या बाबतीत मात्र चालण्याचे काम प्राणी करतो, त्यामुळे प्राणी एका साध्या चालीत पन्नास फूट गेला तरी स्वाराची पूर्ण कृती शिल्लक राहते आणि त्याला आपले सगळे बाण कोणत्याही वजावटीशिवाय सोडता येतात. तलवार घेतलेल्या स्वाराला ही सवलत नाही. प्राणी पाच फुटांहून अधिक हलला की त्याच्या वाट्याला एकच वार येतो. म्हणजे घोडदळाचे चित्र डोळ्यांसमोर आणले की भाला आठवत असला, तरी या नियमांत स्वारीचा खरा लाभ धनुष्याला होतो.

गॉब्लिन या कामासाठी जणू घडवलेलाच आहे. त्याला डेक्स्टेरिटीत (चपळाईत) +४, स्ट्रेंथ (ताकद) आणि करिष्मा यांत प्रत्येकी -२, लहान आकारामुळे हल्ल्यावर आणि आर्मर क्लासवर (शत्रूला घाव घालण्यासाठी गाठावा लागणारा आकडा) +१ आणि राइड (स्वारी) या कौशल्यावर थेट +४ मिळतात. स्वाराचा प्राणी त्याच्यापेक्षा किमान एका आकाराने मोठा असावा लागतो. गॉब्लिन लहान असल्यामुळे त्याला मध्यम आकाराचा लांडगा पुरतो, आणि जिथे घोडा शिरत नाही अशा भुयारांतही हा लांडगा आरामात शिरतो.

क्लासविषयी बोलायचे तर कॅव्हेलियरचे नाव सर्वप्रथम सुचेल, कारण लहान आकाराच्या कॅव्हेलियरला पहिल्याच लेव्हलला लांडगा मिळतो. परंतु त्याच्या चॅलेंजमुळे (एका शत्रूला दिलेल्या आव्हानामुळे) मिळणारे जादा नुकसान फक्त जवळच्या हल्ल्यांना लागू होते, म्हणजे धनुर्धराच्या हाती क्लासचा निम्मा ऐवज लागतच नाही. रेंजर हा धनुर्धर म्हणून अधिक तगडा आहे. पण त्याला प्राणी मिळतो चौथ्या लेव्हलला, आणि तोही तीन लेव्हल मागे असलेला. मोहीम पाचव्या लेव्हलपासून सुरू होणार असती तर बून कंपॅनियन ही फीट घेऊन ती उणीव भरून काढा, असे मी सांगितले असते. आपण पहिल्या लेव्हलपासून खेळणार आहात, तेव्हा हंटर घ्यावा. त्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकदीचा लांडगा मिळतो, सगळी मार्शल शस्त्रे वापरता येतात आणि अ‍ॅनिमल फोकसमुळे (प्राण्याचे गुण अंगी आणण्याच्या क्षमतेमुळे) थोड्या मिनिटांसाठी का होईना, स्वतःची डेक्स्टेरिटी आणखी दोनने वाढवता येते.

गुणवाटपात एक खाच आहे आणि अनेक जण तिथे अडखळतात. साधे लाँगबो (लांब धनुष्य) स्वारीवर वापरता येत नाही. शॉर्टबो चालते, पण लहान आकाराच्या शॉर्टबोचे नुकसान १डी४ (चार बाजूंच्या एका फाशाची फेक) एवढेच असते. कंपोझिट लाँगबो स्वारीवर चालते आणि १डी६ नुकसान देते. मात्र ते नीट पेलायला स्ट्रेंथचा मॉडिफायर (गुणावरून निघणारी भर किंवा घट, १० ला शून्य) किमान शून्य लागतो, अन्यथा प्रत्येक हल्ल्यावर -२ बसतो. गॉब्लिनची स्ट्रेंथ आधीच दोनने घटते, म्हणून मूळ स्ट्रेंथ १० ठेवून चालणार नाही, १२ घ्यावी लागेल. माझी शिफारस अशी : स्ट्रेंथ १२, डेक्स्टेरिटी १६, कॉन्स्टिट्यूशन १२, इंटेलिजन्स १०, विस्डम १३ आणि करिष्मा ८. हे बरोबर १५ पॉइंटांत बसते. गॉब्लिनचे बदल लावल्यावर स्ट्रेंथ १०, डेक्स्टेरिटी २० आणि करिष्मा ६ होईल. सहा करिष्म्याचा गॉब्लिन गावच्या मुखियाशी वाटाघाटी करायला निघाला तर गटाने त्याला आवरावे. लांडगा मात्र त्याचे ऐकतो, कारण आपल्या सोबती प्राण्याला हाताळताना हंटरला +४ मिळतात.

आता फीट. बहुतेक खेळाडू पहिल्या लेव्हलला पॉइंट-ब्लँक शॉट (तीस फुटांच्या आतल्या बाणांना बळ देणारी फीट) घेतात. माझे मत निराळे आहे. या पात्राची दुखरी नस धनुष्यात नसून लांडग्यात आहे : सुरुवातीला त्याचा आर्मर क्लास १४ आणि जीव तेरा-चौदा पॉइंटांचा असतो, आणि तो पडला की आपण वीस डेक्स्टेरिटीचे पादचारी उरतो. म्हणून पहिली फीट माउंटेड कॉम्बॅट असावी. तिच्यामुळे फेरीत एकदा, लांडग्याला बसलेला घाव राइडची फेक करून रद्द करता येतो. अट एवढीच की आपली फेक शत्रूच्या हल्ल्याच्या एकूण फेकीहून जास्त यावी. आपला राइडचा आकडा पाहा : रँक १, क्लास-कौशल्याचे ३, डेक्स्टेरिटीचे ५ आणि गॉब्लिनचे ४, असे पहिल्याच लेव्हलला +१३. शत्रूच्या हल्ल्याची बेरीज १८ आली तरी आपल्याला डी२० (वीस बाजूंच्या फाशा) वर ६ किंवा अधिक पुरेसे होते, म्हणजे चारांपैकी तीन वेळा घाव वाया जातो. पहिल्या लेव्हलवर दुसरी कोणतीही फीट एवढे काम करत नाही. ढिलाई नको म्हणून चिलखत साधे चामड्याचेच ठेवावे; खिळे ठोकलेल्या चामड्याची -१ वजावट राइडवरही बसते.

दुसऱ्या लेव्हलला हंटरला प्रिसाइज शॉट किंवा आउटफ्लँक यांपैकी एक फीट पूर्वअटीविना मिळते. आपण अर्थातच प्रिसाइज शॉट घ्यावी, नाहीतर साथीदारांशी भिडलेल्या शत्रूवर बाण मारताना दर वेळी -४ सोसावे लागतील. तिसऱ्या लेव्हलला पॉइंट-ब्लँक आणि पाचव्या लेव्हलला रॅपिड शॉट (-२ सोसून एक जादा बाण) घ्यावी. पाचव्या लेव्हलला तीस फुटांच्या आत हल्ल्याचा एकूण आकडा +१० होतो आणि रॅपिड शॉट वापरल्यास +८ ने दोन बाण सुटतात, तेही लांडगा पन्नास फूट फिरून आल्यावर. लांडग्याने दुहेरी चाल केली तर -४ आणि धावला तर -८ ही वजावट लागते. माउंटेड आर्चरी त्या दोन्ही निम्म्यावर आणते, पण साध्या चालीत वजावटच नसल्यामुळे तिची घाई करू नये; ती नवव्या लेव्हलपर्यंत थांबू शकते, सातव्याला डेडली एम (नेम थोडा सोडून नुकसान वाढवणारी फीट) अधिक उपयोगी पडेल.

लांडग्याला चावण्यासाठी शत्रूच्या अंगावर धाडण्याचा मोह टाळावा. तो शेजारच्या चौकटीत गेला की स्वारही तिथेच पोहोचतो, आणि शत्रूच्या टप्प्यात राहून बाण सोडणे म्हणजे त्याला फुकटचा वार देणे होय.

शेवटी ओझ्याचा हिशेब. स्ट्रेंथ १३ असलेला मध्यम चतुष्पाद ७५ पौंडांपर्यंत हलके ओझे वाहतो. गॉब्लिनचे वजन सुमारे ३५ पौंड धरले, लांडग्यासाठी लागणारे खास खोगीर ३० पौंडांचे धरले आणि त्यात लहान आकाराचे चिलखत, धनुष्य आणि वीस बाण मिळवले, की काटा नेमका ७५ च्या आसपास येऊन थांबतो. त्यापुढे दोरी, शिधा आणि अंथरूण लादले तर ओझे मध्यम ठरते आणि पन्नास फुटांचा वेग ३५ वर येतो. तेव्हा सामान साथीदाराकडे द्यावे, किंवा अँट हॉल हा पहिल्या पातळीचा मंत्र वापरावा. तो वाहण्याची क्षमता तिप्पट करतो आणि दर लेव्हलमागे दोन तास टिकतो.

प्रश्न : गॉब्लिनने घोडा का घेऊ नये? आणि गॉब्लिन-कुत्रा हा प्राणी चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नियम आड येत नाहीत, आड येते ते गोलारियन हे खेळातले काल्पनिक जग. तिथले गॉब्लिन घोड्यांचा आणि कुत्र्यांचा मनस्वी द्वेष करतात, त्यामुळे घोडेस्वार गॉब्लिन हवा असेल तर त्याची कथा आधी रचून जीएमला पटवावी. गॉब्लिन-कुत्रा हा नावापुरता कुत्रा आहे. प्रत्यक्षात तो उंदराच्या जातीचा प्राणी असून त्याच्या स्पर्शाने इतरांच्या अंगावर पुरळ उठते, गॉब्लिनांना मात्र काही होत नाही. तो सोबती प्राण्यांच्या मूळ यादीत नाही, लांडगा आहे. गटातील साथीदारांच्या त्वचेचा विचार केला तरी लांडगाच बरा.

प्रश्न : सातव्या लेव्हलला लांडगा मोठ्या आकाराचा होतो. तो होऊ द्यावा का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : भालाईत असेल तर जरूर होऊ द्यावा, कारण स्ट्रेंथ आठने वाढते. धनुर्धराला त्या ताकदीचा फारसा उपयोग नाही, उलट डेक्स्टेरिटी दोनने घटते आणि पाच फूट रुंदीच्या बोळात अंग चोरून चालावे लागते. नियमांनुसार ही वाढ नाकारून त्याऐवजी डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन प्रत्येकी दोनने वाढवता येते. मी तोच पर्याय घेईन. आपली मोहीम बहुतांश उघड्या माळरानावर घडत असेल आणि ओझ्याची अडचण जाणवत असेल, तर मात्र मोठा लांडगा घेण्यात तथ्य आहे.