नंबर पुन्हा ०००१ वर गेलाय? आधी ती कार्डं बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझं तीन वर्षांपूर्वीचं दुखणं वर आलं. तुम्ही भिगवणला दोन दिवस पक्षी टिपले, कॅमेऱ्याची दोन मेमरी कार्डं भरली, दोन्हींवर फोटोंचे नंबर ०००१ पासूनच, आणि कॉपी करताना लॅपटॉप ‘या नावाच्या फायली आधीच आहेत, रिप्लेस करू का’ असं विचारतोय. आता काय दाबायचं, आणि नंबर सलग कसे करायचे, एवढंच तुम्ही विचारलंय.

काहीही दाबू नका. विंडो बंद करा. ‘रिप्लेस’ धोक्याचं हे सगळ्यांना कळतं, पण ‘स्किप’ही तितकंच धोक्याचं आहे. स्किप केलं की दुसऱ्या कार्डावरचे त्याच नंबरांचे फोटो कॉपीच होत नाहीत, कॉपी मात्र पूर्ण झाल्यासारखी दिसते. मग कार्ड फॉरमॅट मारलं की संपलं. नवा फोल्डर करा, दुसरं कार्ड त्यात उतरवा. एक कार्ड, एक फोल्डर. हे मी आता कोणालाही मोडू देत नाही, माझ्या मदतनिसालाही नाही.

माझं काय झालं ते सांगतो. मी कराडकडे लग्नाच्या ऑर्डरी घेतो. एका ऑर्डरीच्या पंधरा दिवस आधी कॅमेरा अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिला होता, शटर अडकत होतं. कॅमेरा परत आला तो कंपनीच्या मूळ सेटिंगवर. स्लिपवर ‘तपासणी व सफाई’ एवढंच लिहिलेलं. तारीख चुकलेली दिसली म्हणून ती मी नीट केली, पण फाइल नंबरचं सेटिंग बघायचं सुचलं नाही. माझ्या मॉडेलमध्ये सलग नंबर मुळात बंद असतात. म्हणजे कार्ड फॉरमॅट केलं, की गाडी पुन्हा ०००१ वर.

संध्याकाळी हळद झाली, ४१२ फोटो. रात्री लॅपटॉपवर ‘लग्न’ नावाच्या फोल्डरमध्ये उतरवले, चार-पाच उघडून पाहिले, छान होते. सकाळी तेच कार्ड फॉरमॅट मारून कॅमेऱ्यात घातलं. दिवसभरात लग्नाचे ११०६ फोटो झाले. रात्री एक वाजता तेच कार्ड त्याच फोल्डरमध्ये ओढलं. विंडो आली. मला वाटलं, आदल्या दिवशीचे फोटो अजून कार्डावर असतील म्हणून विचारतोय. रिप्लेस दाबलं आणि झोपलो.

चौथ्या दिवशी सिलेक्शन काढायला बसलो. हळदीचा पहिला फोटो मला पक्का आठवत होता: पितळी परात, वाटलेली ओली हळद, तिच्या कडेला कोणाच्या तरी बोटांचे चार ओघळ. ०००१ उघडला, तर वरातीतली गाडी. ०००२ गाडी. ०००३ गाडी. फोल्डरची मोजणी पाहिली, ११०६. ती १५१८ हवी होती.

त्या हळदीला नवरीचा चुलतभाऊ होता, फौजेतला. रजा संपली म्हणून तो पहाटेच्या गाडीने गेला, लग्नाला नव्हताच. घरच्यांनी मागितला तो पहिला फोटो बहीण-भावाचाच. कार्डावर हजाराच्या वर नवे फोटो चढले होते, तिथे काही उरलं नव्हतं. लॅपटॉपच्या डिस्कवर फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते मोफत आहे आणि चांगलं आहे, पण फाइलचं मूळ नाव परत देत नाही, स्वतःचे आकडे टाकतं. हजारो फायली निघाल्या, त्यात इंटरनेटवरची जाहिरातींची चित्रंसुद्धा. तीन रात्री चाळून हळदीचे ३७ फोटो सापडले. भाऊ एकात आहे, मांडवाच्या खांबाआड, अर्धा चेहरा. तोच मोठा करून दिला. त्या ऑर्डरीचे पैसे मी घेतले नाहीत.

चूक माझी, ते मान्यच आहे. पण सर्व्हिस सेंटरला विचारायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने, ‘नंबर कुठून सुरू होतो त्याने काय फरक पडतो, फोटो तर येतायत ना?’ असं सांगितलं, त्याचा राग अजून आहे. दुरुस्तीनंतर सेटिंगं मूळपदावर गेलीत, एवढं एक वाक्य स्लिपवर लिहायला काय जातं? तेव्हा सर्व्हिसहून आलेल्या कॅमेऱ्यात तारीख, फाइल नंबर आणि कलर स्पेस (रंग कसे नोंदवायचे ते सेटिंग) या तीन गोष्टी तिथे काउंटरवर उभं राहूनच तपासा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. निकॉनमध्ये ‘फाइल नंबर सीक्वेन्स’ ऑन करा, कॅननमध्ये ‘कंटिन्युअस’, सोनीत ‘सीरीज’. मेन्यूतली जागा मॉडेलप्रमाणे बदलते. पण यातही एक खोच आहे. कार्डावर आधीचे फोटो असतील आणि त्यांचा नंबर तुमच्यापेक्षा मोठा असेल, तर कॅमेरा तिथून पुढे मोजू लागतो. मित्राचं ८७०० पर्यंत गेलेलं कार्ड घातलंत, तर तुमचा पुढचा फोटो ८७०१. म्हणून दुसऱ्याचं कार्ड आधी रिकामं करून, आपल्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करून मगच वापरावं.

शिवाय सलग म्हणजे कायमचं वेगळं असंही नाही. कॅमेरा कंपन्यांनी १९९८ पासून पाळलेल्या डीसीएफ नियमात फाइलच्या नावाला चार अक्षरं आणि चार आकडे मिळतात, फोल्डरचे नंबर १०० ते ९९९. ९९९९ झालं की पुढे नवा फोल्डर आणि पुन्हा ०००१. पक्ष्यांचे सलग फोटो काढणाऱ्याला दहा हजार म्हणजे काहीच नाही. (त्यामुळे जुना कॅमेरा विकत घेताना फाइल नंबर बघून ‘कमी वापरलाय’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शटर काउंट, म्हणजे शटर एकूण किती वेळा उघडलं तो आकडा, वेगळा असतो.)

म्हणून माझं ठाम मत, नाव लॅपटॉपवर बदलायचं. तारीख, वेळ आणि शेवटी कॅमेऱ्याचे मूळ चार आकडे, उदाहरणार्थ २०२४०११४_०७१२३५_०४१२. मूळ आकडे पुसू नका, गिऱ्हाईक किंवा मित्र त्याच आकड्यांनी फोटो मागतात. लाइटरूम, डिजिकॅम, किंवा जमत असेल तर एक्झिफटूल, यांतल्या कुठल्याही सॉफ्टवेअरने होतं. एकाच फोटोच्या रॉ (कच्ची, प्रक्रिया न केलेली) आणि जेपेग अशा दोन्ही फायली काढत असाल तर जोडीचं नाव एकदमच बदला. कार्डावर असताना मात्र बदलू नका, कॅमेरा बहुधा ते फोटो दाखवत नाही. काही लोक नाव अजिबात बदलू नये म्हणतात, त्यांचंही चालत असेल. मी माझ्या अनुभवावरून सांगतोय.

दोन कॅमेरे वापरत असाल तर नावाची सुरुवातीची अक्षरं वेगळी ठेवा (सगळ्या मॉडेलांत ती सोय नाही) आणि सकाळी दोन्हींनी मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढा. नंतर वेळ जुळवायला तोच उपयोगी पडतो.

उतरवून झालं की मोजा. कार्डावर किती, फोल्डरमध्ये किती. दुसऱ्या डिस्कवर प्रत गेल्याशिवाय फॉरमॅट नाही.

कॅमेऱ्याचं मॉडेल कळवलंत तर सेटिंग मेन्यूत नेमकं कुठे आहे ते सांगेन. आणि आधी एकदा तरी रिप्लेस दाबून झालं असेल तर तेही सांगा, लाजू नका. तसं असेल तर दोन्ही कार्डांवर एकही नवा फोटो काढू नका आणि त्या लॅपटॉपवर काही कॉपी करू नका.