गेरूचं वय आणि कुंभारमाशीचं घर

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं एक खडकचित्र १७,००० वर्षांहून जुनं आहे, असं वाचलं. रंगाचं वय कसं काढतात? आमच्या सड्यावरच्या कातळशिल्पांचं तसं निघेल का?
– एक शिक्षिका, राजापूर

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे. अशी चित्रं गेरूनं रंगवलेली असतात आणि गेरूचं वय निघत नाही. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. त्यात कार्बनच नाही, मग कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर ठरावीक वेगानं घटणारा आणि म्हणून वय सांगणारा कार्बन, मोजणार कशातला?

इथे मदतीला आली कुंभारमाशी. माझी आजी पडवीतल्या खुंटीवरचं तिचं मातीचं घर कुणाला मोडू देत नसे. तिच्याच जातकुळीतल्या माश्या वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीच्या कपारींत हजारो वर्षं घरं बांधत आल्या आहेत. त्या चिखलात वणव्यातल्या कोळशाचे बारीक कणही येतात आणि कोळशाचं वय काढता येतं. घरावरून रंग गेला असेल तर चित्र घरानंतरचं, रंगावर घर बांधलं असेल तर चित्र त्याआधीचं.

तुम्ही वाचलेलं चित्र म्हणजे सुमारे दोन मीटर लांबीचा कांगारू. बालंगारा लोकांच्या भूमीवर, एका कपारीच्या उतरत्या छतावर तो आहे. मेलबर्न विद्यापीठाच्या डेमियन फिंच यांच्या गटाला त्याच्याखाली तीन आणि वर तीन अशी सहा घरं सापडली. वर आणि खाली, दोन्हीकडे घरं असलेलं चित्र मिळणं हे मोठंच भाग्य! त्यावरून चित्राचं वय १७,१०० ते १७,५०० वर्षं ठरलं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हे काम भूमीच्या परंपरागत धन्यांना सोबत घेऊन झालं, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. चित्रं त्यांच्या पूर्वजांची आहेत.

पद्धतीत अडचणी आहेतच. जुन्या घरात कार्बन नावापुरता उरतो. शिवाय माशीनं उचललेला कोळसा आधीच जुना असेल, तर घरही आहे त्याहून जुनं भासतं.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमध्ये काही आकृती मधमाश्यांच्या मेणाच्या आहेत. मेणात कार्बन असतो, तिथे थेट त्याचंच वय काढतात.

आता तुमची कातळशिल्पं. ती जांभ्यात कोरलेली, रंग नाही. उघड्या सड्यावर कोकणातल्या पावसात मातीचं घर टिकणारही नाही. म्हणून ही युक्ती तिथे चालणार नाही. परिसरात मिळणाऱ्या दगडी हत्यारांवरून अंदाज बांधावा लागतो. मुलांना घेऊन गेलात तर फोटो उठून दिसावा म्हणून रेषांत खडू मात्र भरू देऊ नका.