खेळताना त्याला विचारू नकोस

पत्र: माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. मी नर्स आहे, चार महिन्यांपासून नाईट लागलीय. तो रोज माझी ओढणी डोक्याला बांधून वेणी करतो, पर्स अडकवतो आणि टेडीला सांगतो, "आई ड्यूटीला चाललीय हं, रडायचं नाही." भातुकली तर जीव की प्राण. परवा मिस्टरांनी ओढणी हिसकावली, भातुकली माळ्यावर टाकली. नणंदेने कुठलं तरी वाचून पाठवलं की आई फार चिकटलेली आणि बाप लांब असला की मुलगा मुलगी व्हायला बघतो. माझ्यामुळे झालं का हे? त्याला सरळ विचारू का, तुला मुलगी व्हायचंय का?

अगं, तुझ्या वयाची सून आहे माझी म्हणून अगं-तुगंच करते. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नको विचारूस.

लंडनला विनिकॉट म्हणून लहान मुलांचे डॉक्टर होते, मनोविश्लेषकही होते, म्हणजे मनात खोल दडलेलं उकलून बघणारे, खेळावर त्यांचं 1971 चं पुस्तक आहे. मूल ज्या गोधडीला, टेडीला कवटाळून झोपतं त्याबद्दल ते म्हणायचे की हे तू मनाने बनवलंस की तुला बाहेर सापडलं, असं मुलाला विचारायचंच नाही, कारण ती गोष्ट दोन्हीच्या मधली असते आणि खेळही त्याच मधल्या जागेत चालतो. तुझं लेकरू ओढणी बांधून उभं असतं तेव्हा ते आई असतं आणि नसतंही, आणि आपण "खरं सांग, कोण आहेस" म्हटलं की ती जागाच मोडते, मग त्याला उत्तर द्यावं लागतं जे अजून त्याच्याकडे नाहीच.

आता टेडीला तो काय सांगतो ते पुन्हा वाच बरं, तूच लिहिलंयस. हे मनोविश्लेषण ज्याने सुरू केलं त्या फ्रॉइडने 1920 मध्ये स्वतःच्या दीड वर्षांच्या नातवाचा खेळ लिहून ठेवलाय, दोरी बांधलेलं लाकडी रीळ तो पलंगाच्या कडेवरून आत टाकायचा, दिसेनासं झालं की "गेलं", दोरी ओढून बाहेर आलं की खुशीत "आलं". आई घरातून जाते त्यावर त्याचा इलाज नव्हता, पण रिळाचं जाणं-येणं त्याच्या हातात होतं. तुझा मुलगा तर रीळसुद्धा घेत नाही, सरळ जाणारी आईच होतो आणि रडणारं बाळ टेडीकडे देतो. मला वाचताना भरून आलं गं. पण एवढंच कारण आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, एका खेळात चार गोष्टी असू शकतात, आणि बाईपणाची ओढही त्यात असेल तर असू दे.

नणंदेने जे पाठवलं ते रॉबर्ट स्टोलर या अमेरिकन मनोविश्लेषकाचं जुनं म्हणणं आहे, साठच्या दशकातलं. क्लिनिकमध्ये आलेल्या मोजक्या कुटुंबांवरून मांडलेलं, पुढे ते टिकलं नाही. या शास्त्राने आयांवर फार खापर फोडलंय, याचा मला खरंच राग येतो. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.

मिस्टरांना एक सांग. 1922 मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढणारे गिरींद्रशेखर बोस फ्रॉइडशी पत्रातून वाद घालायचे, त्यांचं म्हणणं होतं की आपल्याकडच्या पुरुष पेशंटांच्या मनात बाई व्हायची इच्छा युरोपातल्यांपेक्षा सहज वर येते. म्हणजे भल्याभल्या बाप्यांच्या मनात असतं हे, घाबरण्यासारखं काय आहे त्यात? त्यांना म्हणावं ओढणी ओढू नका, खाली बसा आणि पेशंट व्हा, तो तपासेल तुम्हाला. बाबा खेळात आले ना की त्याला बाबाही खेळायला मिळतील.

आणि खेळाबाहेर, जेवताना, शाळेत जाताना, महिनोन्महिने तो ठामपणे "मी मुलगीच आहे" म्हणत राहिला, स्वतःच्या अंगावरून रडायला लागला, तर लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, त्याला बदलायला नाही, त्याला काय होतंय ते समजून घ्यायला. कुणी "सरळ करून देतो" म्हणालं तर तिथून उठायचं, डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच असल्या उपचारांना डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय. तो पुढे कोण होईल ते आज ना मला सांगता येईल ना तुला, आणि कोणीही झाला तरी तुझंच लेकरू. तुला स्वतःला रात्री फार घालमेल झाली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, बोल.

आज भातुकली माळ्यावरून काढ. तो झोपल्यावर गुपचूप निघत असशील तर ते बंद कर, सांगून जा, रडला तर रडू दे थोडा, सकाळी आलीस की त्याला दिसेल आई येते ते. आणि ओढणी परत देशील ना, ती धुवून देऊ नकोस, तुझा वास राहू दे तिला.