वाचकांचे प्रश्न : गुरुवारचे तीन तास

प्रश्न : यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून जर्मनीतील श्टुटगार्टला आलो. शेजाऱ्यांकडे सफाईला येणाऱ्या बाई दर गुरुवारी तीन तास आमच्याकडेही यायला तयार आहेत. मात्र ताशी 15 युरो रोख द्यावेत, नोंदणी वगैरे नको, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मान्य करावे का? शिवाय गेल्या सोमवारी आमच्या दारावर ‘केरवोखे’ अशी पाटी लटकत होती. ते कामही त्यांना सांगता येईल का?

उत्तर : नोंदणी टाळू नका. विनानोंदणी काम तिथे ‘श्वार्त्सआर्बाइट’, म्हणजे काळे काम ठरते, आणि खिडक्या पुसताना त्या शिडीवरून पडल्या तर उपचारांचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. घरकामासाठी ‘मिनिजॉब’, म्हणजे मर्यादित कमाईच्या छोट्या नोकरीची सोय आहे. 2026 पासून त्यातल्या कमाईची मासिक मर्यादा 603 युरो आहे. तीत शेजाऱ्यांकडची त्यांची मिनिजॉबची कमाईही धरली जाते, म्हणून ती आधी विचारून घ्या. किमान वेतन ताशी 13.90 युरो असल्याने तुमचा दर योग्यच आहे. मिनिजॉबची नोंदणी करणाऱ्या ‘मिनिजॉब-झेंट्राले’ या कार्यालयाकडे एक साधा अर्ज भरला की अपघात विम्यासह सर्व वर्गण्या, वेतनाच्या सुमारे 15 टक्के, वर्षातून दोनदा तुमच्या बँक खात्यातून वळत्या होतात.

आता हिशेब पाहा. महिन्याला सुमारे 195 युरो वेतन धरले, तर वर्षाच्या वर्गण्या साधारण 350 युरो होतात. उलट एकूण खर्चाच्या 20 टक्के, पण कमाल 510 युरो, इतकी सूट थेट प्राप्तिकरात मिळते. तुमचा कर तेवढा होत असेल तर काळ्या कामापेक्षा नोंदणीच स्वस्त पडते, हे त्या बाईंनाही आणि यजमानांनाही कागदावर मांडून दाखवा.

मात्र नोंदणीबरोबर हक्कही येतात. आठवड्यातून एक दिवस काम असले, तरी वर्षाला किमान चार गुरुवारांची पगारी रजा द्यावी लागते, आजारपणातही वेतन चालू राहते आणि तुम्ही डिसेंबरात पुण्याला गेलात म्हणून खाडा कापता येत नाही. आपल्याकडे ‘मावशी’ म्हणून हाक मारताना आपण हे किती पाळत होतो, हा प्रश्न मलाही तिथे गेल्यावरच पडला.

केरवोखे म्हणजे जिना, तळघर, पदपथ झाडण्याची रहिवाशांची आळीपाळीची पाळी. त्या शब्दात आपला ‘केर’ ऐकू येतो, हा निव्वळ योगायोग. ते काम बाईंना सांगायला हरकत नाही, पण जबाबदारी तुमचीच राहते. माझ्या पहिल्या पाळीत मी तिन्ही मजल्यांचे जिने पुसून समाधानाने वर आले, तोच खालच्या आजींनी मला पुन्हा बोलावून मुख्य दारातले पायपुसणे उचलून त्याखालची वाळू दाखवली. काही बोलल्या नाहीत. पाळी संपली की पाटी पुढच्या दारावर अडकवायला विसरू नका, आणि रविवारी व्हॅक्यूम क्लीनर मुळीच लावू नका.

बाईंना ‘फ्राऊ’, म्हणजे ‘श्रीमती’, लावून आडनावाने हाक मारा आणि ‘झी’ म्हणजे ‘आपण’च म्हणा. दिवाळीची भेट खुशाल द्या. फक्त जुने कपडे आधी विचारल्याशिवाय पुढे करू नका.