माळवदाचा गारवा आणि सोलर-सेन्सर एकाच घरात जमतील का?

लातूरकडे माळवदाच्या (लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छताच्या) घरासारखं गार, पण आधुनिक घर बांधता येईल का, असं तुम्ही विचारलंय. जमतं, फक्त जुनं घर जसंच्या तसं उचलू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा बोजा अंगावर पडूनच हजारो माणसं गेली. माळवद कितीही प्रिय असलं तरी ते वजन पुन्हा डोक्यावर नको. सांगाडा भूकंपरोधक घ्या, त्यात तडजोड नाही.

गारवा मुख्यतः चौकातून, ओसरीतून आणि पश्चिमेकडच्या जाड भिंतीतून मिळवा. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री हवा बऱ्यापैकी उतरते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की आपोआप सुरू होणारा एक्झॉस्ट पंखा लावा. दिवसभर तापलेल्या भिंती पहाटेपर्यंत निवतात. माझ्या मते एसीआधी हेच करावं.

सोलर पॅनल उंच सांगाड्यावर बसवा. खाली सावली मिळते, आणि उरलेल्या गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणं घालायला जागा राहते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

पाण्याचं तर आधी बघा! १,००० चौरस फूट गच्चीवर ७०० मिमी पाऊस पडला तर ६५,००० लिटर होतात; गळती-बाष्प वजा जाता ५०,००० हाती लागावेत. चौकाखाली हौद बांधा, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडा आणि हौदात लेव्हल सेन्सर बसवा, म्हणजे किती शिल्लक आहे ते मोबाईलवर दिसेल. जुना आड असेल तर तो बुजवू नका, जादाचं पाणी गाळून त्यात सोडा.