चौथी-पाचवीच्या वर्गावर जाताना

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

यंदा तुझ्याकडे चौथी आणि पाचवी आली आहे, हे पत्रातून कळले. मुले वाचतात, लिहितात, पाढेही म्हणतात, मग आता त्यांना नवे काय शिकवायचे, असे तू विचारले आहेस. या दोन वर्षांत मुलांपुढे जे येते, त्यातले बरेचसे त्यांच्या आधीच्या पक्क्या समजुतींना धक्का देणारे असते आणि म्हणूनच ते अवघड जाते.

अपूर्णांकांचेच पाहा. चार ही संख्या दोनपेक्षा मोठी, हे मूल पहिलीपासून शिकत आलेले असते आणि एके दिवशी आपण फळ्यावर १/४ व १/२ लिहून त्यातला पहिला लहान असल्याचे सांगतो. या दोहोंची बेरीज २/६ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून ते पूर्ण संख्यांचा जुना नियम प्रामाणिकपणे पाळत असते. अशा उत्तरावर लाल रेघ ओढण्याआधी त्याला विचार, की अर्धा लिटर दुधात पाव लिटर ओतले तर किती होईल? ते बहुधा 'पाऊण' म्हणेल. मग कागदाच्या दोन सारख्या पट्ट्यांना घड्या घालून २/६ हा भाग अर्ध्यापेक्षाही लहान असल्याचे त्याचे त्याला पाहू दे.

पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या मुलांच्या कानांवर पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधी पडलेले असतात. पूर्वी शाळांतून पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, तोंडपाठ करून घेत. ती घोकंपट्टी परत आणावी असे मी म्हणणार नाही. पण वाण्याच्या दुकानातली ही भाषा वर्गात आल्यावाचून 'समच्छेद' हा शब्द फळ्यावर लिहू नकोस. सुरुवातीची काही वर्षे मी तिरकस गुणाकाराची युक्ती आधी शिकवली. उत्तरे बरोबर येत, परंतु पट्टीचा ३/८ भाग रंगवायला सांगितला की मुले गप्प बसत, आणि ती चूक माझी होती.

दुसरी अडचण गणिताच्या तासाला दिसते, पण ती असते वाचनाची. "सीमाकडे २४ चिंचोके आहेत. ते राजूच्या चिंचोक्यांपेक्षा ८ ने जास्त आहेत. राजूकडे किती?" 'जास्त' हा शब्द दिसताच अनेक मुले ३२ लिहितात आणि उरलेली "बाई, बेरीज करायची की वजाबाकी?" असे विचारतात. क्रिया सांगून टाकण्याचा मोह आवर. वाक्य पुन्हा वाचायला लाव, जास्त कोणाकडे आहेत ते विचार, चित्र काढू दे. अक्षर लावून वाचणारे मूल अर्थ लावून वाचू लागते ते याच वयात, आणि भाषेच्या तासाइतकेच ते अशा उदाहरणांतूनही घडते.

परिसर अभ्यासाबद्दल एवढेच, की छापील नकाशाआधी शाळेच्या आवाराचा नकाशा मुलांकडून काढून घे.

पहिल्या चाचणीनंतर मुलांची चुकलेली उत्तरे एका वहीत जशीच्या तशी उतरवून ठेव आणि ते उत्तर कसे काढले, हे शेजारी त्यांच्याच शब्दांत लिही. दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा ती वही बरोबर आण. आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
बाई