वाचकांचे प्रश्न : केपची वेधशाळा

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतील केपची वेधशाळा जहाजांच्या सोयीसाठी उभारली होती, असे वाचले. मग ताऱ्यांच्या अभ्यासात तिचे नाव इतके मोठे कसे झाले?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. 1820 साली ब्रिटिश नौदलाच्या गरजेपोटी या वेधशाळेची स्थापना झाली, कारण दक्षिणेच्या समुद्रात दिशा व रेखांश ठरवायचे तर तिकडच्या ताऱ्यांची अचूक स्थाने माहीत हवीत आणि त्यांतील बरेच तारे इंग्लंडमधील ग्रिनिचच्या वेधशाळेतून दिसतच नाहीत. पहिले खगोलविद फिअरन फॅलोज यांनी इमारत उभी केली. 1831 मध्ये ते वारले आणि तिथल्याच आवारात त्यांना पुरण्यात आले.

त्यांच्यामागून आलेल्या थॉमस हेंडरसन यांना भित्तिचक्र मिळाले. उत्तर-दक्षिण दिशेत बांधलेल्या दगडी भिंतीवर अंशांच्या खुणा कोरलेले मोठे चक्र, त्याला जोडलेली दुर्बीण आणि त्या खुणा वाचण्यासाठी सूक्ष्मदर्शक, अशी त्याची रचना असते. 1832-33 मध्ये त्यांनी आल्फा सेंटॉरी या ताऱ्याचे वेध घेतले. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो आणि त्या सरकण्यावरून त्याचे अंतर काढता येते. हे सरकणे त्या नोंदींत होते. परंतु चक्राविषयी मनात शंका असल्यामुळे, दुसऱ्या यंत्रावरच्या नोंदी पडताळल्याखेरीज निष्कर्ष जाहीर करायचा नाही, असे त्यांनी ठरवले. 1838 मध्ये जर्मनीत खगोलविद बेसेल यांनी 61 सिग्नी या ताऱ्याचे अंतर जाहीर केले, तर हेंडरसन यांचा निष्कर्ष 1839 मध्ये आला. पहिलेपणाचा मान हुकला, तरी माझ्या मते त्यांची ही सावधगिरी शास्त्रज्ञाला शोभणारीच होती.

पुढे वेधशाळेचे प्रमुख झालेल्या डेव्हिड गिल यांच्या काळात वेधशाळेने वेगळीच वाट धरली. 1882 च्या तेजस्वी धूमकेतूची छायाचित्रे घेण्यासाठी त्यांनी दुर्बिणीला कॅमेरा बांधला, आणि छायाचित्रे ज्यांवर उमटतात त्या काचांवर धूमकेतूबरोबर असंख्य तारेही उमटले. ताऱ्यांची यादी अशा काचांवरूनच करावी, हे त्यांनी तिथे ओळखले. नेदरलँड्समध्ये खगोलविद याकोबस काप्टाइन यांनी केपच्या काचा वर्षानुवर्षे मोजल्या आणि त्यातून 4,54,875 ताऱ्यांची सूची तयार झाली.

1972 मध्ये ही वेधशाळा दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय वेधशाळेत विलीन झाली. मुख्यालय केप टाउनलाच राहिले. मोठ्या दुर्बिणी मात्र शहरी उजेडापासून दूर, सदरलँडजवळच्या पठारावर आहेत. तिथल्या ‘सॉल्ट’ (सदर्न आफ्रिकन लार्ज टेलिस्कोप) दुर्बिणीचा आरसा 91 षट्कोनी तुकड्यांचा आहे.